मुक्कामाच्या घरचे पाहुणे

दिवाळी सरली की भंडाऱ्याकडच्या खेड्यांना मंडईचं वेड लागतं. धान कापून झालेलं असतं, खळ्यावर पेंढ्यांचे पुंजने रचलेले असतात, थंडी नुकती झोंबायला लागलेली असते. आणि मग आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा जत्रा, रात्री नाटक. जावई येतात, सासुरवाशिणी येतात, जावयांचे मित्र येतात, मित्रांचे साळे येतात. एकेका घरात इतकी माणसं उतरतात की कोण कुठून आलं याचा घरधन्यालाही पत्ता नसतो. म्हणून तिकडे एक रीत पडून गेली आहे. मंडईच्या पाहुण्याला ‘तुम्ही कोणाचे?’ असं विचारायचं नाही. विचारलं तर पाहुण्याचा अपमान, आणि तो ज्याचा पाहुणा त्याचाही. दारात आला, पाय धुतले, की तो घरचा झाला. नवऱ्याला वाटतं बायकोच्या माहेरचा असेल, बायकोला वाटतं नवऱ्याच्या ओळखीचा असेल. पाहुणा जेवतो, नाटक पाहतो आणि सकाळी ‘येतो’ म्हणून निघून जातो. बहुतेक वेळा जातो.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या मंडईची. घाबरायचं असेल त्यानं घाबरावं. मला स्वतःला ती आठवली की आधी वाईट वाटतं आणि भीती मागाहून येते.

चंद्रकला भंडाऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. वय पस्तिशीच्या पुढं. लग्न दोनदा जमता जमता राहिलं, आणि मग तिनंच तो विषय बंद करून टाकला. आई, सत्यवती, जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि तिचे वडील भैय्याजी, दोघंच. भैय्याजींनी उभा जन्म पितळेच्या भांड्यांवर काढला. सायकलच्या दोन्ही अंगांना गुंड, घागरी, लोटे बांधायचे आणि पवनीपासून आंधळगावपर्यंतची खेडी पालथी घालायची. लोकांची नावं, त्यांच्या मुलींची सासरं, कोणाच्या घागरीला कुठं पोचा आला, सगळं त्यांच्या जिभेवर असायचं. आणि नेमकी अशा माणसाचीच आठवण हळूहळू विरत गेली. आधी नावं गेली, मग रस्ते गेले. दोनदा तर ते घरातून निघाले आणि वैनगंगेच्या पुलावर सापडले. त्या उन्हाळ्यापासून ते चंद्रकलेलाही ओळखेनासे झाले होते. तिला ‘बाई’ म्हणायचे. ‘बाई, पाणी देता का?’ अगदी अदबीनं विचारायचे, परक्या बाईला विचारावं तसं. लहानपणची चंद्रकला आता जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तोच तिला विसरून बसला होता.

अशात एक दिवस, दिवाळीचे दिवे अजून उंबऱ्यावरच होते तेव्हा, भैय्याजी एकाएकी म्हणाले, “मंडई आली ना? तुलारामच्या इथं जागा ठेवाले सांगा.”

चंद्रकलेनं हातातलं काम तसंच टाकलं. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून कोणाचं तरी नाव आलं होतं! तुलाराम आठवतो, तर तुलारामच्या घरी गेल्यावर आणखी काही आठवेल. कोण जाणे, मीही आठवेन, असं तिच्या मनानं घेतलं. माणसाची आशा मोठी चिवट असते. चौथ्या दिवशी दोघं एसटीत बसली.

तुलारामचं ते घर आंधळगावच्या बाहेर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून, शेतात एकटंच उभं होतं. मालगुजारीच्या काळात कोणा मालगुजारानं, म्हणजे तिकडच्या जमीनदारानं, ते कोशाचं रेशमी कापड न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी बांधलं. सागाचे जाड खांब, कवेलूंचं छप्पर, तिन्ही बाजूंनी फिरणारी ओसरी. मालगुजारी गेली, व्यापारी कमी झाले, पण घराचं काम काही सुटलं नाही. तुलारामच्या बापानं ते शेतीसकट घेतलं आणि वाटसरूंना ठेवणं चालूच ठेवलं. निजायला धानाच्या तणसाची जाड गादी, पांघरायला घोंगडं, आणि सकाळी निघण्याआधी गरमागरम न्याहारी. पंचक्रोशीत त्याला सगळे मुक्कामाचं घरच म्हणत. भैय्याजी दर मंडईला तिथं उतरायचे, आणि चंद्रकला शाळेत जायला लागेपर्यंत सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर जायची. तणसाच्या गादीवर पडलं की सबंध अंगाखाली चुरचुर वाजायचं, नव्या धानाचा गोडसर वास नाकात शिरायचा, ओसरीवर मोठी माणसं बिड्या ओढत बोलत राहायची आणि त्या बोलण्यातच झोप लागायची. पुढं आयुष्यात तशी झोप तिला कधी लागली नाही.

दुपारी दोघं पाळीवरून चालत आली तर सगळं तसंच होतं. पुंजने, बांबूचं फाटक, पाण्यावरचे बगळे. तुलाराम पुढं धावत आला आणि भैय्याजींच्या पाया पडला.

“भैय्याजी! किती साल झाले बाप्पा! ओळखलं का मले?”

भैय्याजी हसले, पण ते हसणं कोणाही परक्याकडे पाहून हसतात तसं होतं. तुलारामची बायको रुखमा चुलीपाशी वडे तळत होती. तिनं चंद्रकलेकडे पाहिलं आणि काही न विचारता समजून घेतलं. मग एक गोष्ट झाली. भैय्याजी ओसरीवर चढले, इकडेतिकडे न पाहता सरळ कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले आणि त्याला पाठ टेकून बसले. तीच त्यांची जागा होती, पहिल्यापासूनची. चंद्रकलेच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पायजा, सकाळपर्यंत सारं आठवन त्यायले,” रुखमा म्हणाली. “या घरची न्याहारी खाल्ली का माणूस ताजातवाना होते.”

उन्हं कलायच्या आत दोघं मंडईत गेली. गर्दी म्हणजे काय विचारता! फुगे, पिपाण्या, बांगड्यांची दुकानं, जिलबीच्या कढया, नाटकाच्या मंडपावर कर्णा बांधून झालेला आणि त्यातून सतत कोणाला तरी हाका. चंद्रकलेनं वडिलांचा हात एकदाही सोडला नव्हता. पितळी भांड्यांच्या एका दुकानापुढं भैय्याजी थांबले. एक लोटा उचलून त्यांनी नखानं वाजवून पाहिला आणि मान डोलावली. ते पाहून ती इतकी सुखावली की त्यांच्यासाठी शेजारच्या दुकानातून मफलर घ्यावा असं तिला वाटलं. हात सुटला तो तेवढाच. मफलर घेऊन वळली तर लोटा जागेवर होता आणि भैय्याजी नव्हते.

पुढचा वेळ कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं मंडई उभी आडवी पिंजून काढली. कर्ण्यावरून नाव पुकारायला लावलं. पण ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही तो नाव ऐकून येणार कसा? दिवस बुडाला. तलावाकडून गार वारा सुटला. तलावाचा विचार मनात आला आणि ती दिसेल त्याला विचारत सुटली. शेवटी बांगड्या विकणारी एक बाई म्हणाली, “म्हातारबाबा ना? पांढरी टोपी? थे तं पाळीकडं गेले. एकटेच चालले होते, झपझप.”

झपझप? भैय्याजी तर आता पाय ओढत चालायचे. पण तेवढा विचार करायला तिला फुरसत कुठं होती? साडीचा घोळ हातात धरून ती पाळीवरून धावत सुटली. अंधार दाटत होता. एका बाजूला काळं पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेली शेतं. आणि लांबून तिला मुक्कामाच्या घराच्या ओसरीवरचा कंदील दिसला. अंगणात शेकोटी पेटलेली होती. शेकोटीपाशी पांढरी टोपी घातलेला माणूस बसला होता.

ती फाटकातून आत शिरली, तसं त्यानं मान वर केली.

“कुठं गेली होती, चंदे? मी कवाचा वाट पाहून राहिलो.”

चंदे! चंद्रकला तिथंच मातीत बसली आणि लहान पोरीसारखी रडली. भैय्याजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता, पण थंडीच तशी पडली होती. तुलाराम आणि रुखमा दारात उभे राहून पाहत होते. “म्या म्हणलं होतं ना?” रुखमा डोळे पुसत म्हणाली.

त्या संध्याकाळचं काय सांगावं? चंद्रकला म्हणते की आयुष्यातली सगळ्यात सुखाची संध्याकाळ ती. भैय्याजी बोलत होते आणि थांबत नव्हते. सायकलच्या दांडीला गुंडाळलेलं लाल फडकं त्यांना आठवत होतं. पवनीच्या घाटावर तिनं लोटा पाण्यात सोडला आणि मार चुकवायला नावाड्यामागं लपली, ते आठवत होतं. तिच्या दुधाच्या दाताची गोष्ट, तिच्या आवडत्या पोपटी परकराची गोष्ट. जुन्या मुक्कामांतल्या व्यापाऱ्यांची नावं ते एकामागून एक घेत होते आणि तुलाराम दर नावाला “हाव ना, हाव!” म्हणून मांडीवर थाप मारत होता. ओलं तणस शेकोटीत पडून धूर सारखा अंगावर येत होता. तुलाराम डोळे चोळत होता, चंद्रकलेच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. भैय्याजी मात्र त्या धुरातून सरळ तिच्याकडे पाहत होते. त्यांची पापणी काही लवत नव्हती. तिनं ते पाहिलं, नाही असं नाही. पण सुखाच्या वेळी माणूस अशा गोष्टी मनावर घेत नाही.

नाटकाची पहिली घंटा गावातून ऐकू आली, तसे तुलाराम आणि उतरलेले बाकीचे पाहुणे उठून गेले. भैय्याजी नको म्हणाले. रुखमा सकाळच्या न्याहारीची तयारी करायला आत गेली. शेकोटी विझत आली होती. दोघंच राहिली. भैय्याजी हलक्या आवाजात म्हणाले, “तुझी माय भेली होती ना, चंदे... थ्या पहाटे.”

“हो, बाबूजी. फार भ्यायली होती.”

“‘तुझ्या बापाले सांगू नको मी भेली म्हणून.’ असं म्हणाली ना?”

“हो.” चंद्रकलेनं डोळे टिपले. “असंच म्हणाली.”

“तू नाही सांगितलं. चांगलं केलं.”

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून थोडा वेळ बसली, आणि मग आत जाऊन रुखमाशेजारी तणसावर आडवी झाली. तीच चुरचुर, तोच वास. झोप डोळ्यांवर येत होती. आणि तेवढ्यात तिचे डोळे उघडले ते उघडेच राहिले.

आई गेली त्या पहाटे भैय्याजी घरात नव्हते. ते सायकल घेऊन पवनीकडे गेले होते आणि निरोप मिळून परतेपर्यंत दुपार झाली होती. आईजवळ ती एकटी होती. आई जे बोलली ते तिनं आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगू नको म्हटलं होतं, म्हणूनच सांगितलं नव्हतं. तर मग...

ती कान देऊन ऐकू लागली. भैय्याजींना बिडीपायी खोकल्याची जुनी खोड. निजल्यावर दर थोड्या वेळानं खोकला यायचाच, आणि त्या आवाजावरच ती वर्षानुवर्षं झोपत आली होती. ओसरीवर काहीही वाजत नव्हतं. खोकला नाही, घोरणं नाही, तणसाची चुरचुरदेखील नाही.

“रुखमाबाई...” तिनं रुखमाला हलवलं. “बाबूजी खोकत नाहीत...”

“बरं वाटत असन,” रुखमा झोपेत म्हणाली. “निजा आता.”

उठून पाहायचं धैर्य तिला झालं नाही. स्वतःच्या बापाला पाहायला धैर्य लागावं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

उजाडलं ते धुक्यात. तलाव नाही, शेत नाही, फाटकसुद्धा नाही. अंगणाच्या पुढं सगळं पांढरं. रात्रभराचं जागरण करून आलेला तुलाराम खळ्यावर तणसात डोक्यावरून घोंगडं घेऊन गाढ झोपला होता, आणि इतर पाहुणे त्याच्यासारखेच. स्वयंपाकघरात चूल पेटली होती. रुखमा पाठ करून नव्या तांदळाच्या भाकरी थापत होती. आणि पाटावर, ताटापुढं, भैय्याजी बसले होते. टोपी सरळ, सदरा नीट, चेहऱ्यावर रात्रीचंच हसू.

“ये, चंदे. बस. गरम आहे तवर खाऊन घे.”

दिवसाच्या उजेडात रात्रीची भीती खुळी वाटायला लागते. आई भ्यायली हे बापाला नुसतं अंदाजानंही कळू शकतं, असं ती स्वतःला समजावत होती. पाट ओढून ती बसणार, इतक्यात बाहेरून, दूर पाळीवरून, धुक्यातून खोकला ऐकू आला.

तो खोकला तिनं हजारांत ओळखला असता. आधी एक लांब, मग दोन तुटके, मग घसा खाकरणं. मागोमाग बैलांच्या गळ्यातल्या घंटा. खोकला जवळ जवळ येत होता. चंद्रकला उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

धुक्यातून बैलगाडी निघाली आणि फाटकापाशी थांबली. गाडी हाकणारा आंधळगावचा विणकर होता, भोजराज नावाचा. त्याच्यामागं कोणाची तरी शाल लपेटून, पाय लोंबवून, भैय्याजी बसले होते. पायांना चिखल लागलेला होता. टोपी नव्हती.

“हे तुमचेच पाहुणे ना, बाई?” भोजराज म्हणाला. “काल रात्री नाटकाच्या मंडपामागं अंधारात बसून होते, थंडीनं कुडकुडत. आमच्या घरी नेलं, जेवू घातलं, निजवलं. कोणाचे म्हणून काही विचारलं नाही; मंडईत कोण विचारते? आज पहाटे आपल्याच तोंडानं तुलारामचं नाव काढलं, म्हणून घेऊन आलो.”

गाडीतल्या भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. “बाई, हे कोणाचं घर आहे?”

चंद्रकलेनं मागं वळून पाहिलं. पाटावरचे भैय्याजी तसेच बसले होते. त्यांचे डोळे तिच्यावर होते. रुखमाची अजून पाठच होती, आणि भाकर थापल्याचा आवाज एका लयीत चालू होता.

“चंदे...” ते आतून हळूच म्हणाले. “बाहेर कोण आहे?”

“कोणी नाही...” ती म्हणाली. का म्हणाली, कोण जाणे.

“तो तुले ओळखते का?”

तिनं दाराची चौकट धरली.

“मी ओळखतो, चंदे. सारं ओळखतो... ये, बस.”

खोटं कशाला बोलायचं? चंद्रकलेचं एक पाऊल आत पडलं. आत तिला तिचं नाव होतं, पोपटी परकर होता, पवनीचा घाट होता. बाहेर एक परका म्हातारा होता जो तिला आयुष्यभर पाणी मागणार होता. दुसरं पाऊलही पडलं असतं. पण भैय्याजी गाडीतून उतरायला गेले, पायाला जमीन सापडेना, आणि चाकाच्या आऱ्याला धरून ते लटपटले. चंद्रकलेनं काही ठरवलं नाही, काही निवडलं नाही. तिचे पाय धावले आणि तिनं वडिलांना बगलेत धरलं. अंग तापलेलं होतं. कानाशी तो ओला खोकला वाजला.

“भोजराजभाऊ, गाडी वळवा. एसटी गाठायची आहे.”

“अवं, न्याहारी न करता?” आतून रुखमा ओरडली. “या घरचा पाहुणा उपाशी जात नाही बाप्पा!”

गाडी वळली. पिशवी, मफलर, पांघरूण, सगळं तिथंच राहिलं. धुक्यात घर मावळलं. अगदी शेवटी मागून आवाज आला, रागाचा नव्हे, समजूत घालणारा, “चंदे... जेवून तं जा...” भोजराजानं तो ऐकला असावा, कारण त्यानं बैलांना उगाचच चाबूक मारला. चंद्रकलेनं मागं पाहिलं नाही. तिनं वडिलांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. आणि भैय्याजी तिला सांगत होते, “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. तुमच्या बापाचं नशीब.”

त्यानंतर भैय्याजी दोन पावसाळे जगले. तिनं त्यांचं सगळं केलं, कुठं उणं पडू दिलं नाही. ऐंशीच्या भाद्रपदात ते गेले. शेवटच्या दिवशी तिनं तोंडाशी कान नेला होता. ओठ हलले, शब्द आला तो ‘बाई’ एवढाच. वैनगंगेवर सगळं उरकून ती घरी आली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की या घरात आता आपल्याला नावानं हाक मारणारं कोणी नाही, आणि पुढंही असणार नाही. मुक्कामाच्या घराबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती. कधी कधी संध्याकाळी मात्र ती शेकोटी आठवायची आणि स्वतःचीच लाज वाटायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी भाजी घेऊन ती भांड्यांच्या बाजारातून चालली होती. एका दुकानात तुलाराम पाण्याच्या पितळी गुंडाचा भाव करत बसला होता. त्यानं तिला पाहिलं, पण उठला नाही. चेहरा पडलेला होता.

“बसा, बाई,” तो म्हणाला. “बोलू नये, पण आता बोलतोच. असं कोणी करते का?”

“काय केलं मी, भाऊ?”

“बापाले आमच्या ओसरीवर बसवून निघून गेल्या. न सांगता, न विचारता. दोन साल झाले. आम्ही काही म्हणलं का? पाहुणा आहे, राहीन तवर राहीन. रुखमा रोज ताट वाढते. ताट तसंच राहते, थे जाऊ द्या. पण म्हाताऱ्याचा जीव तुमच्यात आहे. रोज सकाळी तुमच्यासाठी बाजूले पाट मांडाले लावते.”

चंद्रकलेनं दुकानाच्या फळीला हात टेकला. बाजारात ठोक्यांचा आवाज चालू होता, तरी तिला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. “तुलारामभाऊ, माझे बाबूजी भाद्रपदात गेले. इथं. माझ्या मांडीवर.”

तुलाराम बराच वेळ गुंडाच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

“भादव्यात...” तो शेवटी म्हणाला. “भादव्यातच दुसरा आला.”

“दुसरा कोण?”

“एक म्हातारा. पावसात भिजत पाळीवरून आला. आम्ही पाय धुवाले पाणी देल्लं. कोणाचा म्हणून विचारलं नाही. ओसरीच्या थ्या टोकाले बसून राहते. पहिल्याच्या तोंडाकडं पाहत नाही, अन् पहिला बी त्याच्याकडं पाहत नाही. दोघायचा चेहरा... जाऊ द्या. याले काहीच आठवत नाही, बाई. गाव नाही, जात नाही, सोताचं नाव नाही. एकच नाव घेते, दिवसभर.”

“कोणाचं?” तिनं विचारलं.

“चंदे, म्हणते. चंदे कुठं आहे, म्हणते.”

दुकानदार गुंडाचा भाव उतरवून सांगत होता. तुलारामनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो इकडेतिकडे पाहून पुढं वाकला आणि अगदी खाली आवाज आणून बोलला.

“त्यातला तुमचा कोणता, थे मी नाही विचारत. आपल्यात विचारत नाहीत. पण मंडई आली, रुखमाले आता झोप लागत नाही रातची... एक तं घेऊन जा, बाई.”

 चंद्रकलेनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पदर सारखा केला आणि विचारलं, “आंधळगावची गाडी आता किती वाजता आहे?”